मूलकोशिका चिकित्सा, अल्झायमर रोगावरील

अल्झायमर रोगात नष्ट होणाऱ्या तंत्रिका कोशिकांची (मज्जापेशींची) जागा नव्या कोशिकांनी भरून काढणे, उरलेल्या कोशिकांना जगविणे किंवा रोगाची प्रक्रिया शरीराबाहेर अभ्यासणे या हेतूंनी मूलकोशिकांचा उपयोग करण्याविषयीचे संशोधन. ज्यांना अद्याप विशिष्ट रूप व कार्य प्राप्त झालेले नाही, ज्या विभाजनाने स्वतःसारख्या कोशिका निर्माण करीत राहतात आणि योग्य परिस्थितीत ज्यांच्यापासून रक्त, स्नायू, तंत्रिका इत्यादींच्या विशेषित कोशिका तयार होतात, अशा कोशिकांना मूलकोशिका म्हणतात. ‘स्टेम सेल’ या नावाने त्या सर्वसामान्य वाचकांस परिचित आहेत.

या संशोधनाचा इतिहास सुमारे चार दशकांचा आहे. मेलेल्या कोशिकांच्या जागी नव्या कोशिका बसविता येतील, ही त्यामागील मूळ कल्पना होय. ही कल्पना या रोगास फारशी लागू पडत नाही, असे पुढे दिसून आले; तथापि तिचा पाठपुरावा करताना मूलकोशिकांचे इतर उपयोग लक्षात आले आणि त्यांपैकी काही मूळ कल्पनेहून अधिक फलदायी ठरले. अल्झायमर रोगावर गुणकारी असल्याचे निर्णायकपणे सिद्ध झालेला एकही मूलकोशिका उपचार आजमितीस उपलब्ध नाही. ही वस्तुस्थिती व रुग्णांच्या कुटुंबीयांना दाखविली जाणारी आशा यांतील अंतर कसे निर्माण झाले, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

रोगाचे स्वरूप : जर्मन मनोविकारतज्ञ आलोइस आल्ट्सहायमर (१४ जून १८६४–१९ डिसेंबर १९१५) यांनी या रोगाचे पहिले वर्णन केले. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगुस्टं डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची स्मरणशक्ती झपाट्याने क्षीण होत होती, पतीविषयी तिच्या मनात अकारण संशय उत्पन्न झाला होता आणि स्वतःचे नावही तिला नीट लिहिता येत नव्हते. ८ एप्रिल १९०६ रोजी ती मरण पावली. तोपर्यंत आल्ट्सहायमर म्यूनिक येथे गेले होते. तिचा मेंदू त्यांनी तेथे मागवून घेतला आणि चांदीच्या लवणांनी रंजित करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. कोशिकांच्या बाहेर साचलेल्या पदार्थाची पुटे व कोशिकांच्या आत गुंतवळासारखे झालेले तंतू त्यांना आढळले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. त्यांवर कोणीही चर्चा केली नाही. १९१० मध्ये एमील क्रेपेलीन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकारास आल्ट्सहायमर यांचे नाव दिले.

पुटांमधील द्रव्य म्हणजे बीटा-ॲमिलॉइड नावाचे प्रथिन होय. १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर व केन वाँग यांनी ते वेगळे केले. गुंतवळ्यांतील प्रथिनास टाऊ असे म्हणतात. रोगाची हानी प्रथम हिप्पोकॅम्पस (कानशिलाच्या आतील बाजूस खोलवर असलेला व नव्या आठवणी पक्क्या करण्याशी संबंधित असलेला मेंदूचा भाग) आणि त्यालगतच्या भागात तीव्रतेने दिसून येते. त्यानंतर ती मेंदूच्या बाह्यकात दूरवर पसरते. कोशिका मरण्यापूर्वीच त्यांच्यामधील अनुबंध (एका तंत्रिका कोशिकेकडून दुसरीकडे संदेश पोहोचविणारी संधिस्थाने) नाहीसे होऊ लागतात. लक्षणे दिसू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीच हे बदल सुरू झालेले असतात. रोगाच्या या दोन वैशिष्ट्यांमुळे, म्हणजे व्यापक विस्तार व दीर्घ पूर्वकाल यांमुळे, पुढील काळातील कोशिकारोपणाचे प्रयत्न अवघड ठरले.

मेंदूत नव्या कोशिका निर्माण होतात काय ? : प्रौढ मेंदूतील तंत्रिका कोशिका एकदा नष्ट झाल्या की, त्या पुन्हा निर्माण होत नाहीत, असे मत स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामोन ई काहाल यांनी १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले होते. त्यांचा अधिकार एवढा मोठा होता की, हे मत जवळजवळ अर्धशतक निर्विवाद मानले गेले. १९६५ मध्ये अमेरिकेत जोसेफ आल्टमन व गोपाल दास यांनी किरणोत्सर्गी थायमिडिनाच्या साहाय्याने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही नव्या तंत्रिका कोशिका निर्माण होत असल्याचे दाखविले. परंतु या निष्कर्षाकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले. १९८० नंतरच्या दशकात फेर्नान्दो नोटेबोम यांनी गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूंवर केलेल्या संशोधनामुळे हा विषय पुन्हा पुढे आला. १९९२ मध्ये ब्रेन्ट रेनल्ड्स व सॅम्युएल वाइस यांनी कॅनडात प्रौढ उंदराच्या मेंदूतून तंत्रिका मूलकोशिका वेगळ्या करून त्यांचे संवर्धन केले.

मानवाविषयीचा महत्त्वाचा पुरावा नोव्हेंबर १९९८ मध्ये पुढे आला. स्वीडनमधील पेटर एरिक्सन व अमेरिकेतील फ्रेड गेज यांनी मृत्यूनंतर पाच कर्करोगी रुग्णांचे मेंदू तपासले. या रुग्णांना हयातीत विभाजनशील कोशिकांवर खूण करणारे एक द्रव्य रोगनिदानासाठी देण्यात आलेले होते. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशी खूण असलेल्या नव्या तंत्रिका कोशिका आढळल्या. मात्र या प्रश्नावर एकमत झालेले नाही. २०१८ मध्ये एका संशोधक गटाला प्रौढ मानवी हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या कोशिका जवळजवळ आढळल्या नाहीत. उलट, २०१९ मध्ये माद्रिद येथील मारिया योरेन्स-मार्तिन यांच्या गटाने निरोगी व्यक्तींत नव्वदीपर्यंत अशा कोशिका आढळत असल्याचे व अल्झायमर रोगात त्यांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे प्रसिद्ध केले. ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) मृत्यूनंतर किती वेळाने व कशा रीतीने जतन केले यावर अशा तपासणीचे फलित बरेच अवलंबून असते, हे या मतभेदाचे एक कारण आहे.

कोशिकारोपणाचा उगम : मेंदूत कोशिकांचे रोपण करण्याच्या आधुनिक प्रयत्नांना १९७९ च्या सुमारास सुरुवात झाली. कंपवात (पार्किन्सन रोग) झालेल्या माणसाप्रमाणे ज्यांच्या मेंदूत डोपामीन या द्रव्याची उणीव निर्माण करण्यात आली होती अशा उंदरांच्या मेंदूत भ्रूणातील ऊतकाचे रोपण करण्यात आले, तेव्हा त्यांच्या हालचालींत सुधारणा झाली. स्वीडनमधील लुंड येथील आंडेर्स ब्यर्कलुंड व त्यांचे सहकारी या क्षेत्रात अग्रेसर होते. १९८७ मध्ये लुंड येथे कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत मानवी भ्रूणाच्या ऊतकाचे रोपण करण्यास प्रारंभ झाला.

याच सुमारास अल्झायमर रोगाविषयी एक आशादायक विचार पुढे आला होता. या रोगात ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याची मेंदूत मोठी घट होते, असे १९७० नंतरच्या दशकात आढळले होते. १९८२ मध्ये पीटर व्हाइटहाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्रमस्तिष्काच्या तळाशी असलेल्या, हे द्रव्य पुरविणाऱ्या कोशिका रोगात मोठ्या प्रमाणावर नष्ट होत असल्याचे दाखविले. म्हणजे हा रोगही कंपवाताप्रमाणे एका द्रव्याच्या व एका कोशिकासमूहाच्या उणिवेचा असावा, असे वाटू लागले. १९८४ मध्ये गेज, ब्यर्कलुंड व इतरांनी वृद्ध उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ॲसिटिलकोलीन निर्माण करणाऱ्या भ्रूणकोशिकांचे रोपण केले. त्या उंदरांची शिकण्याची क्षमता काही अंशी सुधारली.

परंतु हे साम्य मर्यादित होते. कंपवातात मुख्यतः एका लहानशा भागातील एकाच प्रकारच्या कोशिका नष्ट होतात व त्यांचे कार्य बव्हंशी एक द्रव्य विशिष्ट ठिकाणी पुरविण्याचे असते. अल्झायमर रोगात अनेक प्रकारच्या कोशिका निरनिराळ्या भागांत मरतात. नवी कोशिका जगली, तरी नष्ट झालेल्या कोशिकेचे शेकडो-हजारो अनुबंध तिने नेमके त्याच ठिकाणी पुन्हा जोडणे आवश्यक ठरते. आयुष्यभराच्या अनुभवाने घडलेली स्मृती या जोडणीत साठविलेली असल्यामुळे, कोशिका परत आणली म्हणून आठवण परत येईल असे नाही. कंपवातातही भ्रूणऊतकाच्या रोपणाने निश्चित यश मिळाले नाही. २००१ मध्ये अमेरिकेत ४० रुग्णांवरील नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत निम्म्या रुग्णांवर केवळ नाममात्र शस्त्रक्रिया करण्यात आली होती. तरुण रुग्णांनाच काहीसा लाभ झाला व काहींमध्ये पुढे अनैच्छिक हालचाली उद्भवल्या. त्यानंतर दोन तपांनी, २०२५ मध्ये, मूलकोशिकांपासून तयार केलेल्या डोपामीनजनक कोशिकांच्या रोपणाच्या दोन लहान चाचण्यांचे काहीसे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते कंपवाताविषयीच होते.

मानवी मूलकोशिका व लोकमत : अस्थिमज्जेतील रक्तनिर्मात्या मूलकोशिकांचे अस्तित्व १९६१ मध्ये टोराँटो येथील जेम्स टिल व अर्नेस्ट मॅक्युलक यांनी प्रयोगाने दाखविले. १९८१ मध्ये मार्टिन एव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी, तसेच स्वतंत्रपणे गेल मार्टिन यांनी उंदराच्या भ्रूणातून मूलकोशिका मिळविल्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स टॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलकोशिकांचे संवर्धन केल्याचे जाहीर केले. प्रौढ मानवी मेंदूत नव्या कोशिका निर्माण होत असल्याचा एरिक्सन व गेज यांचा अहवाल याच महिन्यातील होता. या दोन शोधांमुळे मेंदूची दुरुस्ती शक्य होईल, असे अनेकांना वाटू लागले.

मानवी भ्रूणाच्या उपयोगामुळे नैतिक वाद निर्माण झाला. ९ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी अशा संशोधनास केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य त्या दिवसापूर्वी अस्तित्वात असलेल्या कोशिकावंशांपुरते मर्यादित केले. ५ जून २००४ रोजी माजी अध्यक्ष रॉनल्ड रेगन यांचे अल्झायमर रोगाने निधन झाले. त्यांच्या पत्नी नॅन्सी रेगन भ्रूणीय मूलकोशिका संशोधनाच्या पुरस्कर्त्या होत्या. त्यामुळे सर्वसामान्य लोकांच्या मनात मूलकोशिका व अल्झायमर रोग यांची सांगड पक्की बसली. वास्तविक या क्षेत्रातील अनेक शास्त्रज्ञांचे मत वेगळे होते. मूलकोशिकांनी बरे होण्याची शक्यता असलेल्या रोगांत अल्झायमर रोगाचा क्रम बराच खाली लागतो, असे ते मानीत. रॉनल्ड मॅकाय या मूलकोशिका संशोधकाने तर, लोकांना आरंभी एखादी परीकथा लागते, अशा आशयाचे उद्गार त्याच महिन्यात एका वृत्तपत्राजवळ काढले होते. शास्त्रज्ञांना गैरसमजाची जाणीव होती. पण तो दूर करण्याची निकड फारशा कोणास वाटली नाही, असा याचा अर्थ होतो. नोव्हेंबर २००४ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील मतदारांनी मूलकोशिका संशोधनासाठी तीन अब्ज डॉलरची तरतूद मंजूर केली. ९ मार्च २००९ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी बुश यांचे निर्बंध उठविले.

भरपाईकडून आधाराकडे : दरम्यान प्रयोगशाळांतील विचाराची दिशा बदलत होती. नवी कोशिका जुनीची जागा घेऊ शकत नसली, तरी ती पोषक द्रव्ये स्रवून आजारी कोशिकांना जगवू शकेल काय, असा प्रश्न पुढे आला. रीता लेव्ही-मोंताल्चीनी यांनी १९५० नंतरच्या दशकात शोधून काढलेल्या तंत्रिकावर्धक घटकाविषयी (तंत्रिका कोशिकांच्या वाढीस व जीवनास आवश्यक अशा प्रथिनाविषयी) प्रथम प्रयत्न झाले. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील मार्क तुशिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी सौम्य अल्झायमर रोग झालेल्या रुग्णांच्या त्वचेतील कोशिका घेऊन त्यांत या घटकाचे जीन (जनुक) घातले व त्या मेंदूत रोपण करण्यास सुरुवात केली. या कोशिका मूलकोशिका नव्हत्या; तथापि अल्झायमर रुग्णाच्या मेंदूतील कोशिकारोपणाचा हा आरंभीचा प्रयोग म्हणून महत्त्वाचा आहे. आठ रुग्णांपैकी दोघांच्या मेंदूत शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव झाला व त्यांपैकी एक पुढे मरण पावला. उरलेल्या रुग्णांची अवनती मंदावल्याची चिन्हे दिसली. पुढे कोशिकांऐवजी व्हायरसामार्फत हेच जीन ४९ रुग्णांवरील नियंत्रित चाचणीत वापरण्यात आले, तेव्हा मात्र कोणताही लाभ आढळला नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीत तो घटक अपेक्षित कोशिकांपर्यंत पोहोचलाच नव्हता, असे २०२० मध्ये दिसून आले.

मूलकोशिकांच्या आधारकार्याचा प्रयोग २००९ मध्ये अर्व्हाइन येथील मॅथ्यू ब्लर्टन-जोन्स व फ्रँक लाफेर्ला यांनी केला. पुटे व गुंतवळे दोन्ही निर्माण होतील अशा रीतीने जीन बदललेल्या वृद्ध उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्यांनी उंदराच्या तंत्रिका मूलकोशिका घातल्या. उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. पण पुटे व गुंतवळे यांत काहीही फरक पडला नाही. रोपण केलेल्या कोशिकांनी स्रवलेल्या एका वर्धक प्रथिनामुळे अनुबंधांची संख्या वाढली होती. या निष्कर्षामुळे आशा निर्माण झाल्या. परंतु २०१७ मध्ये त्याच विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात चिकित्सेसाठी तयार केलेल्या एका मानवी तंत्रिका मूलकोशिकावंशाचा उंदरांना कोणताही लाभ झाला नाही; उलट त्या कोशिकांचे काही पुंजके भलत्याच जागी वाढलेले आढळले. उंदरांना नैसर्गिक रीत्या अल्झायमर रोग होत नाही. त्यांच्यात निर्माण केलेली अवस्था ही रोगाची आंशिक नक्कल असते. त्यामुळे उंदरांत यशस्वी झालेले अनेक उपचार मानवात निष्फळ ठरले आहेत.

मानवावरील चाचण्या : रुग्णांवरील चाचण्यांत बहुधा मध्योतकी मूलकोशिका वापरण्यात आल्या आहेत. या कोशिका अस्थिमज्जा, मेद व नाळेचे रक्त यांपासून मिळतात, त्यांचे संवर्धन सुलभ असते व त्यांच्या बाबतीत भ्रूणाच्या उपयोगाचा प्रश्न उद्भवत नाही. त्यांच्यापासून तंत्रिका कोशिका निर्माण व्हाव्यात अशी अपेक्षा नसून, दाहप्रक्रिया शमविणारी व पोषक द्रव्ये त्यांनी स्रवावीत असा हेतू असतो.

दक्षिण कोरियातील सोल येथे नऊ रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये व बाह्यकाच्या एका भागात नाळेच्या रक्तापासून मिळविलेल्या अशा कोशिका शस्त्रक्रियेने घालण्यात आल्या. तिघांना सुमारे ३० लक्ष व सहांना सुमारे ६० लक्ष कोशिका देण्यात आल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार उपचार सुसह्य ठरला. पण रोगाची गती मंदावली नाही. त्यानंतर त्याच गटाने मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीत कोशिका सोडण्याची पद्धत आणखी नऊ रुग्णांवर वापरून पाहिली व २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्वर हा तिचा प्रमुख उपद्रव होता. अमेरिकेत निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतील कोशिका शिरेतून देण्याची नियंत्रित चाचणी ४९ रुग्णांवर करण्यात आली व तिचे फलित २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार सुरक्षित आढळला व मेंदूचे आकुंचन काहीसे मंद झाल्याचे दिसले. मात्र एवढ्या थोड्या रुग्णांवरून गुणकारितेचा निर्णय देता येत नाही. तो मोठ्या चाचणीनेच लागू शकेल.

तुलना करण्यासाठी उपचाराविना ठेवलेला रुग्णगट या रोगात अत्यावश्यक असतो. रुग्णाची स्थिती दिवसागणिक बदलत असते व आशेने पाहणाऱ्या नातेवाइकांना, तसेच वैद्यांनाही, नसलेली सुधारणा दिसू शकते. मूलकोशिकांहून वेगळ्या असलेल्या औषधांची कसोटीही अशीच लागली आहे. ॲमिलॉइडविरोधी प्रतिपिंडांपैकी लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. सुमारे १,८०० रुग्णांवरील १८ महिन्यांच्या चाचणीत त्याने अवनतीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. या औषधाने रोग बरा होत नाही व मेंदूत सूज वा सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोका असतो. एवढा मर्यादित लाभ सिद्ध करण्यासाठीही किती मोठा पुरावा लागतो, हे यावरून लक्षात येईल.

रोगाची प्रतिकृती : २००६ मध्ये क्योटो येथील शिन्या यामानाका व काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या त्वचेतील सामान्य कोशिकांत चार जीने घालून त्यांना भ्रूणीय मूलकोशिकांसारखी अवस्था प्राप्त करून दिली. २००७ मध्ये मानवी कोशिकांच्या बाबतीतही हे साध्य झाले. या कोशिकांना प्रेरित बहुसक्षम मूलकोशिका म्हणतात. या कार्याबद्दल यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधामुळे जिवंत रुग्णाच्या त्वचेच्या लहानशा तुकड्यापासून त्याच्याच आनुवंशिक घडणीच्या तंत्रिका कोशिका तयार करणे शक्य झाले. तोपर्यंत अशा कोशिका रुग्णाच्या मृत्यूनंतरच, म्हणजे रोगाच्या अखेरच्या अवस्थेतच, अभ्यासावयास मिळत असत.

२०११ मध्ये जपानमध्ये आनुवंशिक अल्झायमर रोग असलेल्या रुग्णांच्या कोशिकांपासून, तर २०१२ मध्ये अमेरिकेत आनुवंशिक व तुरळक अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या कोशिकांपासून तंत्रिका कोशिका तयार करण्यात आल्या. २०१४ मध्ये बॉस्टन येथील डू येऑन किम व रुडॉल्फ तान्झी यांच्या गटाने रोगकारक जीने घातलेल्या मानवी तंत्रिका कोशिका मऊ जेलीसारख्या माध्यमात वाढविल्या. त्यांत पुटे व गुंतवळे दोन्ही निर्माण झाले. ॲमिलॉइडच्या संचयापासून टाऊची विकृती उद्भवू शकते, याला त्यामुळे मानवी कोशिकांतून पुष्टी मिळाली. २०१७ मध्ये बेल्जियममधील बार्ट द स्ट्रोपर यांच्या गटाने मानवी तंत्रिका कोशिकांचे पुटे असलेल्या उंदरांच्या मेंदूत रोपण केले. शेजारच्या उंदराच्या कोशिका बहुतांशी टिकून राहिल्या. मानवी कोशिका मात्र मोठ्या संख्येने मेल्या. रोपण केलेल्या नव्या कोशिकाही रोगग्रस्त परिसरात सुरक्षित राहत नाहीत, ही गोष्ट भरपाईच्या मूळ कल्पनेला बाधक ठरली; पण मानवी कोशिका नेमकी कशी मरते हे पाहण्याचे साधन त्यातूनच हाती आले. २०२३ मध्ये त्याच गटाने या मृत्यूस कारणीभूत असलेल्या प्रक्रियेचा एक टप्पा ओळखला व तो रोखल्यास कोशिका वाचतात, असे दाखविले.

या पद्धतीने जुन्या औषधांची परीक्षाही करता येते. क्योटो येथील हारुहिसा इनोउए यांच्या गटाने रुग्णांपासून तयार केलेल्या तंत्रिका कोशिकांवर अनेक औषधांची तपासणी केली. कंपवातावर वापरले जाणारे ब्रोमोक्रिप्टीन बीटा-ॲमिलॉइडची निर्मिती कमी करते, असे त्यांना आढळले. २०२० मध्ये आनुवंशिक रोग असलेल्या थोड्या रुग्णांवर त्याची चाचणी सुरू करण्यात आली. येथे मूलकोशिका रुग्णाच्या शरीरात घातली जात नाही. औषध निवडण्याचे साधन म्हणून ती वापरली जाते.

अलीकडे मेंदूतील सूक्ष्मश्लेष कोशिकांकडे (मेंदूतील कचरा गिळून टाकणाऱ्या व प्रतिरक्षेचे कार्य करणाऱ्या कोशिकांकडे) लक्ष वेधले गेले आहे. या कोशिकांशी संबंधित असलेल्या एका जीनातील बदलामुळे अल्झायमर रोगाचा धोका वाढतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांवरून कळले. तंत्रिका कोशिकांप्रमाणे दूरवरचे नेमके अनुबंध जोडण्याची गरज या कोशिकांना नसते व मेंदूत त्या स्वतःहून पसरू शकतात. २०२५ मध्ये अर्व्हाइन येथील संशोधकांनी प्रेरित मूलकोशिकांपासून अशा कोशिका तयार केल्या. पुटांच्या सान्निध्यात आल्यावर ॲमिलॉइडचे विघटन करणारे एंझाइम त्या स्रवतील अशी योजना त्यांत केलेली होती. उंदरांच्या मेंदूंतील पुटे त्यामुळे कमी झाली. मानवाच्या बाबतीत ही पद्धत अद्याप अजमावावयाची आहे.

भारतातील स्थिती : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७·४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लक्ष लोकांना, स्मृतिभ्रंश (स्मृती, विचारशक्ती व व्यवहारक्षमता यांचा ऱ्हास) असावा, असा अंदाज आहे. अल्झायमर रोग हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत सामान्य कारण होय. बंगलोर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्था आणि तेथील इतर संस्था यांच्या संयुक्त प्रकल्पात मानसिक विकारांचा व अल्झायमर स्मृतिभ्रंशाचा कौटुंबिक इतिहास असलेल्या व्यक्तींच्या कोशिकांपासून प्रेरित मूलकोशिका तयार करण्यात येतात. त्यांचा हेतू चिकित्सा हा नसून रोगाचा अभ्यास हा आहे. पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात मूलकोशिकांविषयी मूलभूत संशोधन होते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूलकोशिका संशोधन व चिकित्सा यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढताना शीर्षकातील ‘चिकित्सा’ हा शब्द मुद्दाम वगळण्यात आला. कारण रक्ताच्या काही विकारांवरील अस्थिमज्जारोपणासारख्या मान्य उपचारांखेरीज मूलकोशिकांचा प्रस्थापित उपचार अस्तित्वात नव्हता. २०१७ च्या आवृत्तीतही ही भूमिका कायम आहे. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर रुग्णास मूलकोशिका देणे या तत्त्वांनुसार अनुचित ठरते. असे असूनही भारतात व इतर अनेक देशांत खाजगी उपचारकेंद्रे असाध्य रोगांवर मूलकोशिकांची अंतःक्षेपणे मोठे मूल्य आकारून देत आली आहेत. अल्झायमर रोगात हा प्रश्न अधिक बिकट होतो. रुग्ण स्वतः संमती देण्याच्या स्थितीत बहुधा नसतो. निर्णय थकलेल्या व हतबल झालेल्या आप्तांना घ्यावा लागतो. अयोग्य रीतीने तयार केलेल्या कोशिकांपासून संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या किंवा अर्बुद (गाठ) होण्याचा धोका असतो. शिवाय दीर्घकालीन शुश्रूषेसाठी लागणारी पुंजी त्यात खर्ची पडते. चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे मूल्य घेतले जात नाही. एखादी चिकित्सा प्रयोग आहे की व्यवसाय, हे ओळखण्याची ही एक सोपी खूण होय. चाचणीची अधिकृत नोंद झाली आहे किंवा नाही, हेही विचारणे इष्ट असते.

मूल्यमापन : नष्ट झालेल्या स्मृतीचे पुनर्रोपण ही या संशोधनामागील मूळ आकांक्षा होती. ती सफल झालेली नाही व आज ज्ञात असलेल्या मेंदूच्या रचनेवरून ती नजीकच्या काळात सफल होईल असे दिसत नाही. आधार देणाऱ्या कोशिकांच्या उपयोगाचा प्रश्न खुला आहे व त्याचे उत्तर मोठ्या नियंत्रित चाचण्यांवर अवलंबून आहे. रोगाची प्रतिकृती म्हणून मात्र मूलकोशिकांनी भरीव कार्य केले आहे. आल्ट्सहायमर यांना मृत रुग्णाच्या मेंदूत जी पुटे व जे गुंतवळे दिसले, ते जिवंत मानवी कोशिकांत निर्माण होताना आता पाहता येतात. हा लाभ आज रोगी असलेल्या व्यक्तीपर्यंत थेट पोहोचत नाही. त्याचा उपयोग मुख्यतः पुढील पिढीला, रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वीच तो रोखण्यासाठी होईल अशी अपेक्षा आहे. हे संशोधन व आजच्या रुग्णावरील उपचार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे रुग्णाच्या आप्तांना स्पष्टपणे सांगणे हे संशोधकाचे व चिकित्सकाचेही कर्तव्य ठरते.